वाचकांचे प्रश्न : इंग्रजी क्रियापदं, रोजची आणि रोज चुकणारी

मागच्या अंकात इंग्रजी क्रियापदांबद्दलचे प्रश्न मागवले होते. नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्यांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत छापली आहेत, त्यामुळे उच्चारही कळतो. स्पेलिंग शब्दकोशात पाहून वहीत उतरवून घ्या.

प्रश्न : बर्डीवरून क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता आणला. रोज दहा पाठ करते. 'ए' संपवून 'बी'पर्यंत आले, पण मागचं सगळं विसरले. बोलण्यापुरती नेमकी किती क्रियापदं यायला हवीत? (गृहिणी, मानेवाडा)

तक्ता तूर्तास भिंतीवरच राहू द्या. घोळ वर्णानुक्रमाने जाण्यात आहे. 'ए'च्या पानावर सुरुवातीलाच 'अबाइड', 'अराइज', 'अवेक' भेटतात. रोजच्या बोलण्यात ती महिनोन्‌महिने लागत नाहीत. 'गो', 'से', 'टेक' ही खरी कामाची, पण तिथवर पोचेपर्यंत माणसाचा दम संपलेला असतो.

घर, दुकान, बस, बँक, दवाखाना एवढ्यात भागवायचं असेल तर शंभर-सव्वाशे क्रियापदं नीट आली तरी पुष्कळ. त्यातली पहिली पंचवीस ही धरा : बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, नो, थिंक, टेक, सी, कम, वॉन्ट, लुक, गिव्ह, टेल, वर्क, आस्क, नीड, फील, लीव्ह, पुट, कीप, ब्रिंग, बाय. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी दहा क्रियापदं (बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट) सगळीच्या सगळी अनियमित आहेत. यात योगायोग नाही. जे रूप लोकांच्या तोंडी सतत असतं ते जसंच्या तसं टिकतं. कमी वापरातलं रूप हळूहळू 'एड' लावून इतरांसारखं होतं. 'हेल्प'चं भूतकाळी रूप एके काळी 'होल्प' होतं, आता 'हेल्प्ट' आहे. त्यामुळे 'आधी सोपी नियमित करू, अवघड नंतर' हा बेत इंग्रजीत चालत नाही. अवघड तीच आधी लागतात.

आठवड्याला पाच घ्या. सुटं रूप पाठ करू नका. प्रत्येकाची चार वाक्यं करा : रोजचं, कालचं, नकाराचं आणि प्रश्नाचं. 'आय बाय मिल्क एव्हरी डे. आय बॉट मिल्क येस्टर्डे. आय डिडन्ट बाय मिल्क. डिड यू बाय मिल्क?' जाड कागदाच्या चिठ्ठीवर एका बाजूला मराठी वाक्य, मागे इंग्रजी. मराठी बाजू पाहून इंग्रजी मोठ्याने म्हणायचं आणि मगच चिठ्ठी उलटायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. चुकलेली चिठ्ठी परत पहिल्या दिवसाच्या गठ्ठ्यात टाका. तक्ता नुसता वाचला की सगळं ओळखीचं वाटतं आणि येतंय असा भास होतो. ओळखणं वेगळं, वेळेवर आठवणं वेगळं. तुमचं 'विसरले' हे बहुधा 'कधी आठवूनच पाहिलं नाही' असं आहे.

रूपं लक्षात ठेवायला नाद मदतीला येतो. 'कट, पुट, हिट, शट, लेट, कॉस्ट' तिन्ही काळांत तशीच. 'स्लीप-स्लेप्ट, कीप-केप्ट, फील-फेल्ट' एका चालीवर. 'सेंड-सेंट, स्पेंड-स्पेंट, लेंड-लेंट, बिल्ड-बिल्ट' दुसऱ्या. 'ड्रिंक-ड्रँक-ड्रंक', 'सिंग-सँग-संग', 'बिगिन-बिगॅन-बिगन' तिसऱ्या. 'नो-न्यू-नोन', 'ग्रो-ग्रू-ग्रोन', 'थ्रो-थ्रू-थ्रोन' चौथ्या. चालीवर गाडी सुटली की फसवणारी दोन लक्षात असू द्या : 'ब्रिंग'चं 'ब्रँग' होत नाही, 'ब्रॉट' होतं. आणि 'शो'चं 'श्यू' होत नाही, 'शोड-शोन' होतं.

प्रश्न : 'मी काल फुटाळ्याला गेलो होतो' याचं मी 'आय हॅड गॉन टू फुटाळा येस्टर्डे' केलं. बाईंनी कापून 'आय वेन्ट' लिहिलं. 'गेलो होतो' म्हणजे 'हॅड गॉन'च ना? आणि 'आय डिडन्ट वेन्ट' का चूक? (दहावीचा विद्यार्थी, नंदनवन)

बाईंचं बरोबर आहे. मराठीत आपण 'होतो' फार सैल हाताने लावतो. 'गेलो होतो' म्हणजे गेलो आणि परत आलो, विषय संपला, एवढंच सुचवायचं असतं. इंग्रजीतलं 'हॅड' इतकं स्वस्त नाही. भूतकाळातल्या दोन घटना असतील आणि त्यातली आधीची कोणती हे दाखवायचं असेल, तेव्हाच ते येतं. 'मी स्टॉपवर पोचलो तोवर बस गेली होती' : 'व्हेन आय रीच्ड द स्टॉप, द बस हॅड लेफ्ट.' इथे 'हॅड' काढलंस तर मी पोचल्यावर बस निघाली असा उलटा अर्थ होईल. तुझ्या वाक्यात दुसरी घटना कुठे आहे? नाही. मग 'आय वेन्ट टू फुटाळा येस्टर्डे.'

'येस्टर्डे', 'लास्ट संडे', 'इन 2019' असा संपलेला वेळ सांगितला की 'हॅव'सुद्धा चालत नाही. 'आय हॅव सीन हिम येस्टर्डे' चूक, 'आय सॉ हिम येस्टर्डे' बरोबर. 'हॅव' कधी लावायचं याचा अंदाज मराठी कानालाच येतो. 'आलोय, झालंय, हरवलाय, केलंय' अशी रूपं तोंडात आली की बहुतेक वेळा तिथे 'हॅव' बसतं. 'माझा पास हरवलाय' : 'आय हॅव लॉस्ट माय पास.' पास अजून सापडलेला नाही, प्रश्न आत्ताचा आहे. मात्र 'मी कालच आलोय' म्हटलंस तरी 'येस्टर्डे' जिंकतो : 'आय केम येस्टर्डे.'

आता 'डिडन्ट वेन्ट'. 'डिड' आलं की भूतकाळ दाखवून झाला, तो दोनदा दाखवत नाहीत. 'आय डिडन्ट गो. डिड यू गो?' तीच गत 'डझ'ची : 'शी वर्क्स' बरोबर, पण 'डझ शी वर्क?', 'शी डझन्ट वर्क'. तो 'एस' 'डझ'मध्ये शिरला. डू, डझ, डिड, कॅन, कुड, विल, वुड, मस्ट, शुड यांच्यामागे क्रियापद नेहमी उघडं, काही न जोडलेलं. निबंध लिहून झाला की यातला प्रत्येक शब्द पेन्सिलीने गोल कर आणि पुढचं क्रियापद तपास. दोन मिनिटांचं काम आहे, गुण हमखास वाचतात.

प्रश्न : मुलगा इंग्रजी शाळेत आहे. मी 'क्लोज द लाइट' म्हटलं की तो हसतो. दार बंद कर, लाइट बंद कर, दोन्हीकडे 'बंद कर'च आहे ना? (वडील, दिघोरी)

इथेच मराठी माणसाचं बहुतेक इंग्रजी अडकतं, म्हणून जरा सविस्तर.

'बंद करणे'ला इंग्रजीत दोन वाटा आहेत. ज्याची फट बुजते ते 'क्लोज' किंवा 'शट' : दार, खिडकी, डोळे, पुस्तक, डबा. ज्याचा पुरवठा थांबतो ते 'टर्न ऑफ' : दिवा, पंखा, कूलर, गॅस, नळ. नळ उघडतानाही 'ओपन' येत नाही, 'टर्न ऑन द टॅप'.

'लावणे' तर याहून पसरलेलं. एका दुपारी घरात सहज बोलली जाणारी वाक्यं घ्या. दार लाव : 'शट द डोअर'. कुलूप लाव : 'लॉक द डोअर'. पंखा लाव : 'टर्न ऑन द फॅन'. देवापुढे दिवा लाव : 'लाइट द लॅम्प'. कुकर लाव : 'पुट द कुकर ऑन'. चष्मा लाव : 'पुट ऑन युअर ग्लासेस'. बाबांना फोन लाव : 'कॉल बाबा'. गाडी सावलीत लाव : 'पार्क द स्कूटर इन द शेड'. झाड लाव : 'प्लांट अ ट्री'. शर्टाचं बटण लाव : 'बटन युअर शर्ट', पण तुटलेलं बटण सुईदोऱ्याने लावायचं असेल तर 'सो द बटन ऑन'. मराठी क्रियापद एक, इंग्रजी दहा. उलट शब्दकोश उघडला तर 'लावणे'समोर 'अप्लाय' किंवा 'ॲटॅच' दिसेल, आणि यातलं एकही वाक्य त्याने होत नाही. हातात मलम असेल तर तेवढं 'अप्लाय' चालतं.

मग शिकायचं कसं? क्रियापदाचं पान करू नका, वस्तूचं पान करा. वहीत 'दार' लिहा आणि त्याखाली ओपन, शट, लॉक, नॉक ऑन, आन्सर. 'फोन' लिहा : आन्सर, पिक अप, हँग अप, चार्ज, स्विच ऑफ. 'चहा' : मेक, पोअर, स्टर, स्पिल. वस्तू डोळ्यांसमोर असते आणि तिच्याभोवतीची क्रियापदं मोजकी असतात. अशी तीस पानं झाली की घरातलं बहुतेक बोलणं त्यात बसतं.

'लागणे'ची गोष्ट थोडी निराळी. तिथे वाक्याचा सांगाडाच बदलावा लागतो. तहान लागली : 'आय ॲम थर्स्टी'. हिंगण्याला जायला तास लागतो : 'इट टेक्स ॲन आवर टू गेट टू हिंगणा'. हजार रुपये लागतील : 'इट विल कॉस्ट अ थाउजंड रुपीज'. नोकरी लागली : 'शी गॉट अ जॉब'. फोन लागत नाही : 'आय कान्ट गेट थ्रू'. मे महिन्यात नागपुरात हमखास कामी येणारं, ऊन लागलं : 'ही गॉट हीटस्ट्रोक'. पाऊस पडू लागला : 'इट स्टार्टेड रेनिंग'.

यातल्या बऱ्याच वाक्यांत मराठीत 'मला' असतं, म्हणजे गोष्ट माझ्याकडे चालत येते. इंग्रजीत माणूस पुढे येतो आणि वाक्य 'आय'ने सुरू होतं. मला ताप आहे : 'आय हॅव अ फीव्हर'. मला राग आला : 'आय गॉट अँग्री'. मला पोहता येतं : 'आय कॅन स्विम'. मला दोन भाऊ आहेत : 'आय हॅव टू ब्रदर्स'. मला वाटतं : 'आय थिंक'. 'मला' दिसलं की आधी 'आय' म्हणून टाका आणि मग हॅव, ॲम, गेट, कॅन, नीड यांपैकी काय बसतं ते बघा. 'टू मी' म्हणून सुरुवात केलीत की पुढे रस्ता नाही.

प्रश्न : 'डू' आणि 'मेक' यांचा गोंधळ संपत नाही. (अशाच आशयाची पत्रं महाल, कामठी आणि वाडीहून)

काहीतरी तयार होत असेल तर 'मेक' : मेक टी, मेक अ लिस्ट, मेक नॉइज, मेक अ मिस्टेक, मेक अ डिसिजन. नेमून दिलेलं काम उरकायचं असेल तर 'डू' : डू युअर होमवर्क, डू द डिशेस, डू द शॉपिंग. दहापैकी आठ वेळा हा नियम तारतो. उरलेल्या जोड्या पाठच कराव्या लागतात, त्याला इलाज नाही.

खरी अडचण मात्र या दोघांत नाही. मराठी नामाला 'करणे' जोडून क्रियापद बनवते. इंग्रजीत अशा ठिकाणी बहुधा सरळ एकच क्रियापद असतं. मदत करणे 'हेल्प', प्रयत्न करणे 'ट्राय', स्वयंपाक करणे 'कुक', तक्रार करणे 'कम्प्लेन'. त्यामुळे 'डू हेल्प', 'डू ट्राय' ही वाक्यं कानाला खटकतात. आंघोळ आणि नाश्ता 'हॅव'कडे जातात : 'हॅव अ बाथ', 'हॅव ब्रेकफास्ट'. लग्न करणे 'गेट मॅरीड'. कुणाशी हे सांगायचं तर 'शी मॅरीड अ टीचर', मध्ये 'विथ' नको. आणि परीक्षा विद्यार्थी 'टेक' करतो. 'गिव्ह ॲन एक्झाम' आपल्याकडे सर्रास चालतं, पण परदेशी माणसाला त्यातून तुम्ही परीक्षक आहात असं वाटू शकतं.

प्रश्न : मिहानमध्ये मुलाखत होती. 'आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरियन्स' म्हणालो. मित्र म्हणतो चूक. 'इंग' कुठे लावायचं? (पदवीधर, अजनी)

मित्र बरोबर आहे : 'आय हॅव टू इयर्स' एक्स्पीरियन्स.'

नागपूरकराला यात एक फायदा आहे आणि एक तोटा. आपलं 'करून राहिलो' हे 'ॲम डूइंग'शी जवळपास चपखल जुळतं. 'काय करून राहिला?' म्हणजे 'व्हॉट आर यू डूइंग?' पुण्याकडचा माणूस नुसत्या 'करतो'वर भागवतो आणि तिथे 'इंग' विसरतो. तुम्ही विसरत नाही. पण आपण 'समजून राहिलं का?', 'आवडून राहिलं', 'दिसून राहिलं' असंही बिनदिक्कत म्हणतो. त्यातून 'आर यू अंडरस्टँडिंग?', 'आय ॲम लाइकिंग' तयार होतं. इंग्रजीत जे घडत नाही, नुसतं असतं, त्याला 'इंग' लावत नाहीत : नो, अंडरस्टँड, लाइक, वॉन्ट, नीड, बिलीव्ह, बिलाँग, सीम, कॉस्ट.

'हॅव' दोन्हीकडे फिरतं. मालकीचं असेल तर 'इंग' नाही : 'आय हॅव अ बाइक'. जेवण, आंघोळ, त्रास अशी चालू क्रिया असेल तर आहे : 'आय ॲम हॅविंग लंच'. 'थिंक'चंही तसंच. मत असेल तर 'आय थिंक', डोक्यात विचार फिरत असेल तर 'आय ॲम थिंकिंग'.

मुलाखतीत आणखी दोन ठिकाणी माणसं घसरतात. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2021' याऐवजी 'आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2021' म्हणा. काम तेव्हापासून आजवर चालू आहे हे 'हॅव बीन' सांगतं. 'सिन्स'मागे सुरुवातीचा क्षण, 'फॉर'मागे मुदत : 'फॉर थ्री इयर्स'. दुसरं, 'आय पास्ड आउट इन 2020'. आपल्या कॉलेजांत हे रोजचं आहे, पण परदेशी ग्राहकाशी बोलायची नोकरी असेल तर सांभाळा. त्याच्या कानाला 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणं. 'आय ग्रॅज्युएटेड इन 2020' म्हणा.

प्रश्न : 'से' आणि 'टेल' यात फरक काय? (विद्यार्थिनी, सदर)

'टेल'ला लगेच माणूस लागतो, 'से'ला लागत नाही. 'ही टोल्ड मी दॅट...', 'ही सेड दॅट...'. 'ही सेड मी' आणि 'ही टोल्ड दॅट' दोन्ही चूक. 'एक्स्प्लेन'ही 'से'च्या बाजूचं आहे : 'एक्स्प्लेन इट टू मी', 'एक्स्प्लेन मी' नव्हे. 'स्पीक' भाषेसाठी, 'टॉक' गप्पांसाठी, एवढ्यावर सध्या भागेल.

प्रश्न : माझी नात म्हणते, 'आजोबा, तुम्ही वॉक-एड, वॉश-एड म्हणता ते चूक आहे.' आम्हाला शाळेत असंच शिकवलं होतं. (निवृत्त वाचक, धरमपेठ)

नात बरोबर सांगते. लिहिताना एकच 'एड' असला तरी उच्चार तीन आहेत, आणि कोणता कुठे हे क्रियापदाच्या शेवटच्या आवाजावर ठरतं. स्पेलिंगकडे पाहू नका. गळ्यावर दोन बोटं ठेवून क्रियापद म्हणा. शेवटच्या आवाजाला गळा थरथरला नाही (क, प, श, फ, स, च) तर 'ट' : वॉक्ट, स्टॉप्ट, वॉश्ट, लाफ्ट. थरथरला तर 'ड' : कॉल्ड, ओपन्ड, क्लीन्ड, प्लेड. शेवटी मुळातच 'ट' किंवा 'ड' असेल तर एक पूर्ण अक्षर वाढतं : वॉन्टिड, नीडिड, वेटिड. फक्त या तिसऱ्या गटातच 'इड' ऐकू येतो. तुम्ही तो सगळीकडे लावत होतात इतकंच.

याहून मोठी चूक उलट्या बाजूची आहे. घाईत शेवटचा 'ट' किंवा 'ड' गिळला जातो आणि 'आय वॉक होम' ऐकणाऱ्याला रोजची गोष्ट वाटते. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तर शेवटचा आवाज त्याला चिकटवून टाका : 'लुक्ट ॲट' हे 'लुक टॅट' असं. मग तो गळत नाही.

'एस'चेही असेच तीन आवाज : वर्क्स, प्लेझ, वॉशिझ. अपवाद म्हणून चार शब्द घोटून ठेवा. 'सेज' लिहितात पण 'सेझ' म्हणतात, 'सेड', 'डझ', आणि 'रीड'चा भूतकाळ, जो त्याच स्पेलिंगने 'रेड' वाचला जातो.

प्रश्न : 'गेट ऑन', 'गेट इन', 'टर्न ऑफ', 'लुक फॉर', 'लुक आफ्टर' ही छोटी शेपटं डोक्यात राहत नाहीत. काही युक्ती? (नोकरदार महिला, वर्धा रोड)

यांच्या याद्या पाठ करणं हा सर्वांत वाया जाणारा वेळ. 'गेट' घेऊन त्याला अप, ऑन, ऑफ, इन, आउट, ओव्हर, बॅक जोडत बसलात तर सगळी एकमेकांत कालवली जातात. प्रसंग धरून शिका. कामावर जाण्याचा प्रवास घ्या : 'आय वेक अप ॲट सिक्स' (जाग येते), 'आय गेट अप' (अंथरुणातून उठते), 'आय पुट ऑन माय शूज', 'आय गेट इन ॲन ऑटो', 'आय गेट ऑन द मेट्रो', 'आय गेट ऑफ ॲट सीताबर्डी'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला 'ऑन' आणि 'ऑफ' : बस, मेट्रो, रेल्वे. वाकून शिरावं लागतं त्याला 'इन' आणि 'आउट ऑफ' : ऑटो, कार. हा प्रवास रोज मेट्रोत मनातल्या मनात म्हणा.

दुसरी अडचण 'इट' कुठे घालायचं ही. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही चालतात, पण सर्वनाम आलं की एकच जागा : 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' कधीच नाही. उलट 'लुक फॉर'मध्ये मधे काही शिरत नाही : 'लुक फॉर इट'. कोणतं तुटतं, कोणतं नाही, याचे नियम पुस्तकात सापडतील, पण बोलताना ते आठवत नाहीत. म्हणून असं प्रत्येक क्रियापद वहीत 'इट' किंवा 'हर' घालूनच लिहा : टर्न इट ऑफ, पुट इट ऑन, फिल इट इन, लुक फॉर इट, लुक आफ्टर हर. जागा आपोआप पाठ होते.

काही ठिकाणी आपण शेपूट उगाच जोडतो. 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', 'कोप अप विथ' या तिन्हींत एकेक शब्द जास्तीचा आहे. 'डिस्कस इट', 'रिटर्न इट', 'कोप विथ इट' पुरे.

प्रश्न : मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरी-चौथीला इंग्रजी शिकवते. वर्गात चाळीस मुलं, तास पस्तीस मिनिटांचा. क्रियापदं कशी घ्यावीत? (शिक्षिका, हिंगणा तालुका)

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे तुमच्या मुलांना फळं, रंग, प्राणी यांची नावं येत असतील. वाक्य मात्र क्रियापदाविना उभं राहत नाही. एवढ्या मुलांसाठी सर्वांत कमी खर्चाची पद्धत म्हणजे हुकूम देऊन कृती करून घेणं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी ती मांडली आणि 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' या नावाने ती जगभर वापरली जाते.

पहिली दहा मिनिटं पाच क्रियापदं : स्टँड, सिट, ओपन, क्लोज, टच. तुम्ही म्हणा आणि करून दाखवा, मुलं करतील. त्यांना अजून बोलायला लावू नका. मग तुम्ही करणं थांबवा, नुसतं म्हणा. खरी गडबड इथे होते. मागची मुलं पुढच्यांची नक्कल करतात आणि सगळ्यांना येतंय असं दिसतं. त्यावर दोन उपाय. क्रम बदलत राहा, आणि मधेच डोळे मिटून करायला सांगा. दुसरा, जुन्या शब्दांची कधी न ऐकलेली जोडी द्या : 'टच युअर बुक', 'क्लोज युअर बॅग', 'सिट ऑन द फ्लोअर'. ज्या मुलाला शब्द समजलाय ते करतं, जे पाठ म्हणत होतं ते इकडेतिकडे बघतं.

पुढची दहा मिनिटं हुकूम मुलांनी एकमेकांना द्यायचे, जोडीजोडीने. शेवटी एकाला पुढे बोलवा. 'ओपन द डोअर'. त्याने उघडलं की वर्गाला विचारा, 'व्हॉट डिड ही डू?' आणि उत्तर तुम्हीच द्या : 'ही ओपन्ड द डोअर'. कृती नुकतीच डोळ्यांसमोर झालेली असते, म्हणून भूतकाळ मराठीत समजावून सांगावा लागत नाही. 'ही' आणि 'शी' सुरुवातीला चुकेल, कारण मुलांचं सगळं लक्ष क्रियापदावर असतं. तेव्हा ती चूक अडवू नका, पुढच्या आठवड्यात वेगळी घ्या. फळ्यावर स्पेलिंग शेवटच्या पाच मिनिटांत, त्याआधी नाही. आधी लिहिलं की मुलं 'ओपन-एड' वाचतात आणि मग धरमपेठेच्या आजोबांसारखं साठ वर्षांनी नातीकडून शिकावं लागतं.

प्रश्न : शब्दकोश कोणता घ्यावा? (वाचक, रामटेक)

इंग्रजी-मराठी शब्दकोश घरात असू द्या, पण क्रियापदांसाठी जोडीला 'लर्नर्स डिक्शनरी' म्हणतात त्या प्रकारचा घ्या. त्यातल्या व्याख्या साधारण दोन-तीन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात. मुख्य म्हणजे क्रियापदामागे काय येतं ते दाखवलेलं असतं : 'टू' येतं, 'इंग' येतं की थेट वस्तू. 'एन्जॉय'समोर 'डूइंग' दिसेल, 'वॉन्ट'समोर 'टू डू', 'लेट'समोर नुसतं 'डू'. अर्थ एकदा कळला की पुन्हा पाहायची गरज नसते, हे मात्र दहा वेळा पाहावं लागतं. विकत घेताना 'सजेस्ट' हा शब्द उघडून बघा. उदाहरणाची दोन-तीन पूर्ण वाक्यं असतील तर घ्या, नुसते अर्थ असतील तर ठेवून द्या.

प्रश्न : 'लर्न्ड' की 'लर्न्ट'? 'गॉट' की 'गॉटन'? (वाचक, काटोल)

'लर्न्ड' सगळीकडे चालतं, 'लर्न्ट' ब्रिटिश वळणाचं. 'गॉटन' अमेरिकी. बोर्डाच्या परीक्षेत 'गेट-गॉट-गॉट' लिहा.